नंबर मिळालेला रस्ता

नाल्याच्या मधोमध, गुडघाभर पाण्यात एक तरणा साहेब मोजपट्टीची काठी धरून उभा होता. लसींचा डबा खांद्याला लावलेली दीपाली थबकली.

"सरका नं साहेब! वाट अडवून काय मोजून राह्यले?"

"पाणी," तो हसला. "तुमी आल्या अन् आकडाच विसरलो..."

ती पलीकडच्या टोल्यावर, त्या छोट्या वस्तीत, नर्स. तो अजय, आरमोरीचा, बांधकाम खात्यातला नवा इंजिनिअर.

मग तो कामाचं निमित्त काढून येऊ लागला. मोहाच्या सावलीत बसून सांगायचा, "जिल्ह्याच्या रस्ते आराखड्यात ज्या रस्त्याले नंबर नाई, तो सरकारच्या लेखी रस्ताच नाई. नंबर भेटला, की निधी मागता येते."

"अन् मागितला की भेटते?"

"तुमच्यासाठी... भेटेलच!"

तिनं नजर चुकवली. पण गालातलं हसू काही लपलं नाही.

टोल्याच्या रस्त्याला नंबर मिळाला. पावसाळ्याआधी नाल्यावर निदान नळ्यांचा रपटा, ठेंगणा पूल तरी होईल, असं अजय म्हणाला. दीपालीनं तेच टोल्यावरच्या गरोदर सुकरीला सांगितलं, "घाबरू नको. कळा आल्या की गाडी दारात येईल."

मग अजय येईनासा झाला. फोनवर नुसतं, "होईल... बघतो..."

भर पावसाळ्यात सुकरीला कळा सुरू झाल्या. खाटेवर घालून तिला काठापर्यंत आणलं, तर नाला दुथडी भरलेला. पलीकडे ॲम्ब्युलन्स उभी; अलीकडे दीपालीचे हात रक्तानं माखलेले. पाणी उतरेपर्यंत सुकरी गार पडली होती. बाळही गेलं.

त्यानंतर अजय आला.

"निधी दुसऱ्या रस्त्याले गेला," तो खाली बघत म्हणाला. "तिकडं लोकसंख्या जास्त. नियोजन समितीनं उन्हाळ्यातच ठरवलं."

"उन्हाळ्यात? अन् तुमी..."

"तुमचं उतरलेलं तोंड मले पाहवलं नसतं."

"सांगितलं असतं, तर मी सुकरीले आधीच कुरखेड्याच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं असतं!" तिचा आवाज फाटला.

त्यानं मान वर करून तिच्याकडं सरळ पाहिलं.

"पुढच्या वर्षीचंबी नक्की नाई," तो म्हणाला. "हे आताच सांगून राह्यलो. अन्... माझा जीव जडला तुमच्यावर. लग्न कराचं म्हणतो."

हेच ऐकायला ती सारा उन्हाळा झुरली होती. आता ऐकताना डोळ्यांपुढं सुकरीची खाट आली.

"आधी सुकरीच्या नवऱ्याकडं चला," ती म्हणाली. "बुधूभाऊले हे सारं आपल्या तोंडानं सांगा. मग मले इचारा."

अजयनं होकारार्थी मान हलवली आणि चिखलातून टोल्याची वाट धरली. थोडं अंतर तिनं त्याला एकट्यालाच चालू दिलं... मग पदर खोचून तीही मागोमाग निघाली.