मागून येणारी

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. डोणगावची आम्ही काही मंडळी काशीला गेलो आणि तिथून रक्सौलमार्गे काठमांडूला. पशुपतिनाथाचं दर्शन झालं तशी मंडळी धर्मशाळेत आडवी झाली. आमच्या यांना मात्र शहर पाहायचं होतं, तेही पायी. टांगा केला की दुसऱ्याच्या मर्जीनं जावं लागतं, आणि रस्ता विचारणं म्हणजे यांच्या मानाला धक्का. घरी बागायत होती, गावात चार माणसं रामराम करत. तेवढ्यावर यांना वाटे की परक्या मुलखातल्या गल्ल्याही यांना ओळखतात.

रीतीप्रमाणे हे पुढे आणि मी थोडं अंतर ठेवून मागे. बायको येतेय की नाही हे वळून पाहणं यांना कमीपणाचं वाटे. यांनी पुढे पाहत बोलत राहायचं आणि मी मागून होकाराचं ‘हाव’ म्हणायचं, एवढाच आमचा संसार. त्या दिवशीही तेच. विटांची उंच, चिकटून उभी घरं पाहून म्हणाले, या लोकाईले उजेडाची किंमत नाही. हाव. खिडक्यांवरचं कोरीव लाकूडकाम पाहून म्हणाले, यायले रिकामा येळ लय असन. हाव. गावाकडे आपलं न्हाणीघर गळतंय, हे त्या वेळी यांच्या डोक्यात नव्हतं.

वर ऊन होतं, पण खाली गल्लीत पोचत नव्हतं. तुपाच्या दिव्यांचा आणि ओल्या विटांचा वास दाटला होता. माझ्या चपलेत खडा गेला. भिंतीला टेकून मी तो काढला आणि वर पाहिलं. हे वळणापाशी पोचले होते. यांच्यामागे, मी ठेवते तेवढंच अंतर ठेवून, एक बाई चालली होती. नऊवारी, डोक्यावरून पदर. मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, आपल्याकडची कुणी भेटली. मग यांचं बोलणं कानावर आलं, आणि त्यावर ‘हाव’ आलं.

तो आवाज माझा होता.

मी पळत सुटले. ती सावकाश चालत होती, तरी अंतर कमी होईना. “अवो... थांबा ना...” मी म्हटलं. हे थांबले नाहीत. यांना पाठीशी माझाच आवाज मिळत होता, मग थांबतील कशाला? उलट म्हणाले, पाय उचल. ती म्हणाली, हाव.

गल्ली उतरत गेली. दुकानं संपली, माणसं दिसेनाशी झाली. “इकडून चाला...” ती हळूच म्हणाली, आणि जन्मात माझा एक शब्द न ऐकलेला हा माणूस निमूट वळला. समोर एक बुटकं दार उघडं होतं. आत काळोख होता, आणि ओल्या राखेचा वास थेट माझ्यापर्यंत येत होता. हे आपल्याच घरात शिरावं तसे वाकले.

आत गेले की संपलं, हे मला कुणी सांगायला नको होतं. माणूस कसाही असो, घरी लेकरं वाट पाहत होती. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं, असं आमच्याकडे मानत. लग्नातला उखाणा सोडला तर ते नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या गल्लीत काढलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, गळा फाडून.

हे वळले. आमच्या दोघांच्या मध्ये कुणीच नव्हतं.

“काऊन वं, भर रस्त्यात नवऱ्याचं नाव घेतलं? लाज नाही तुले?”

मी सांगायला लागले. यांनी अर्धंही ऐकलं नाही. “दिवसभर माह्या मागंच तं होती तू,” म्हणाले आणि चालू लागले. धर्मशाळेत सगळ्यांपुढे माझं हसं केलं. जीव वाचवल्याचं हे बक्षीस. त्या दिवसापासून मी यांना काही समजावायच्या फंदात पडले नाही.

गावी परतल्यावर मी यांच्या मागे चालणं सोडलं. कधी गुडघ्याची सबब, कधी चुलीची. एका संध्याकाळी हे मळ्यातून येत होते आणि मी भाकरी थापत होते. गल्लीतून यांचं बोलणं ऐकू आलं. थोडं बोलायचे, थांबायचे, पुन्हा बोलायचे. मला वाटलं, सोबत गडी असेल.

हे दारात आले आणि थांबले. मग वळून मागे पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्यासाठी जी मान कधी वळली नाही, ती वळली. अंग चोरून हे बाजूला झाले आणि कुणाला तरी आत यायला वाट दिली. मला दारात कुणी दिसलं नाही.

“थकली असशीन...” हे म्हणाले. “ये, बस.”

यांना इतक्या मायेनं बोलता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.