गाडीपर्यंत गेलेली पावलं

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. धनश्री माझी मावसबहीण, आणि तिला थापा मारायची सवय नाही. अमावास्येची रात्र वगैरे काही नव्हती. मानवत, मागच्या वर्षीचा मे महिना, भर दुपार.

तिचा नवरा श्रीशैल. सरकीचा व्यापारी. इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि त्याचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. पण घरी चार्जर लावला की लाल दिवा.

कंपनीचा माणूस म्हणाला, "घराला अर्थिंग न्हाई. अंगणात खड्डा घ्या, नवीन करा."

अंगणात नुकत्याच फरशा बसवल्या होत्या. त्या कोण फोडणार? श्रीशैलने परभणीच्या बाजारातून एक अडॅप्टर आणला. तो मधे लावला की चार्जरला वाटायचं, अर्थिंग आहे.

दिवा हिरवा झाला. अर्थिंग नव्हतंच; गाडीच्या पत्र्यात वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला वाट नव्हती.

त्याची आई भागम्मा, जिला धनश्री आत्याबाई म्हणायची, रोज आंघोळ करून ओल्या पायांनीच यायची आणि बॉनेटवर तीन बोटं विभूती ओढायची. लेकाच्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून.

एप्रिलमध्ये ती गाडीजवळच पडलेली सापडली.

"हार्ट अटॅक," श्रीशैलने सगळ्यांना सांगितलं. अंगभर विभूती लावून माती दिली. तळहातावरचा काळा डाग एकट्या धनश्रीने पाहिला होता. तोही विभूतीखाली गेला.

अडॅप्टर मात्र तिथेच राहिला.

मग ते सुरू झालं...

गाडी चार्जिंगला लावली की न्हाणीकडून आवाज यायचा. चप... चप... चप...

ओली पावलं. गाडीपर्यंत यायची आणि थांबायची. फरशीवर ती दिसायचीसुद्धा.

परत गेलेलं एकही पाऊल नसायचं.

आणि दर वेळी चार्जरचं भिंतीवरचं बटण बंद.

"तूच बंद करायलीस," श्रीशैल खेकसायचा.

"मी हातबी लावला न्हाई."

"मग काय आई आली?"

बोलून गेला आणि लगेच न्हाणीकडे बघायला लागला.

त्या दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गाडी चार्जिंगला होती. धनश्रीची पिशवी गाडीत राहिली होती. फरशी भाजत होती, म्हणून तिने आधी बादलीभर पाणी ओतलं आणि अनवाणीच निघाली. गाडीच्या दाराकडे हात नेला, तोच...

चप.

मागून.

चप चप चप... या वेळी घाईघाईने.

तिला घासून कोणीतरी पुढे गेलं. गार वाटलं. विभूतीचा वास आला. आणि...

खट्.

तिच्या डोळ्यांदेखत बटण बंद झालं. तिथे कोणी नव्हतं.

धनश्री आत गेली. रबरी चप्पल घातली, टेस्टर आणला. लाकडी काठीने बटण पुन्हा दाबलं आणि टेस्टर दाराच्या पत्र्याला टेकवला.

टेस्टर लख्ख पेटला.

संध्याकाळी तिने श्रीशैललाही दाखवलं.

"टेस्टर कशानंबी पेटतो," म्हणाला.

"आत्याबाई ह्याच्यानंच गेल्या. तुमाला ठाव हाय."

तो महिनाभरात गाडी विकून मोकळा झाला. येलदरीच्या शाळेतल्या सुगत गुरुजींना.

"अन् अडॅप्टर?" धनश्रीने विचारलं.

"दिला की त्यांना. कंपनीचाच हाय म्हणून सांगितलं. त्याच्याबिगर गाडी कोन नेली असती?"

नवऱ्याची तिला त्या दिवशी किळस आली. तिने लगेच गुरुजींच्या बायकोला, सुकेशनीला फोन लावला. सगळं सांगितलं. काळा डाग, टेस्टर... आणि पावलंही सांगितली.

तिथेच चुकलं.

"ताई, आमी बाबासाहेबांची माणसं," सुकेशनी शांतपणे म्हणाली. "भुताखेतावर आमचा इश्वास न्हाई. गाडी लय चांगली चाललीय. परत पायजे असंल तर सरळ सांगा, भ्या कशाला दावताव?"

धनश्रीने पुन्हा टेस्टरचं सांगून पाहिलं. फोन कट झाला. त्यानंतर तिचा फोन तिथे कोणी उचललेला नाही.

गाडी गेल्यापासून मानवतच्या घरात पावलं वाजत नाहीत. पाहुणे म्हणतात, भागम्माला शांती मिळाली.

मला ते ऐकवत नाही. कारण धनश्री रोज लिंगपूजेला बसते, तेव्हा काय मागते ते मला माहीत आहे.

"आत्याबाई, शांत होऊ नका. येलदरीला जावा."