वरची आळी

भामरागडच्या पुढे नदी ओलांडून डोंगर चढला की एक गाव लागतं. तिथले लोक त्याला शहर म्हणतात. म्हणोत बापडे. एक बाजाररस्ता, दोन किराणा दुकानं, लहर आली तर चालणारा मोबाईल टॉवर, आणि पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की जगाशी संबंध खलास. एवढ्या भांडवलावर त्यांना आरोग्य केंद्र हवं होतं. ठरलेल्या आकड्याइतकी माणसं डोंगरावर आहेत का, हे बघायला आमच्या कंपनीने मला पाठवलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तो दिवा जरा इकडे सरकवा.

थंडीचे दिवस होते. सरपंच केसरबाईंनी चहा देता देताच विषय काढला.

"साहेब, माणसं कमी भरली त दवाखाना नाई येणार का?"

"नाही येणार."

"माह्या सुनेले, सरिताले, नुकते दिवस गेले. ऐन पुरात भरतीन. पूर आला का आमी बाईले खाटेवर टाकून डोंगर उतरवतो. वाटेतच..."

असली भाषणं मला पाठ आहेत. प्रत्येक गाव एक गरोदर सून पुढे करतं. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

खालची वस्ती दुपारपर्यंत संपली. आकडा कमी पडत होता, पण मला त्याचं सुतक नव्हतं. तेवढ्यात गावाच्या टोकाची पायवाट दिसली. वर धुक्यात घरांची रांग होती. केसरबाईंनी त्या आळीचं नावही काढलं नव्हतं. गाव चालवायला निघाल्यात आणि स्वतःची घरं सांगता येत नाहीत, असं म्हणत मी चढलो.

वर चुलीचा धूर नव्हता, कोंबडं नव्हतं, कुत्रंही नव्हतं. कुजलेल्या सुतळीचा वास होता. दारं लोटलेली, आणि प्रत्येक दाराशी भिंतीला टेकून एकेक खाट उभी, दवाने ओली झालेली. खाट आत घ्यायचाही आळस. ओल्या गवतात बूट भिजवायची माझी तयारी नव्हती. वाटेवरूनच विचारलं, "घरात कोण कोण?"

आतून लगेच उत्तर आलं. दार उघडलं नाही. पुढच्या घरातही तेच. नावं, वयं, सगळं न अडखळता, कुजबुजल्यासारखं. जंगलातली माणसं लाजरी असतात, म्हणून मी हसत मोबाईलमध्ये भरत गेलो.

शेवटच्या घरातली बाई अगदी दाराला लागून बोलली.

"मी सुकरी... दवाखाना कधी येते साहेब?"

"आकडा भरला की."

"लिवा मंग. माहे दिवस भरले... लय झाले भरून."

तिने श्वास आत घेतल्याचा आवाज येत होता. सोडल्याचा येत नव्हता.

खाली येऊन केसरबाईंना सांगितलं, तुमचा आकडा भरला. त्यांचा चेहरा उतरला.

"वर काऊन गेलते तुमी? तिथी कोणी नाई राह्यत. ज्या खाटेवर माणूस वाटेत मरते, ते खाट आमी घरात नाई घेत. दाराशी उभी करतो अन् घर सोडून खाली येतो."

"आणि सुकरी?"

"पूर होता. पोटातलं पोटातच राह्यलं." मग हळूच म्हणाल्या, "काटा ते नावं, साहेब."

अंगावर शहारा आला, खोटं कशाला बोलू. पण आमचं ॲप जागा तपासतं; भरलेलं नाव खोडायचं तर त्याच दाराशी जाऊन उभं राहावं लागतं. मी गेलो नाही. तुम्ही भीती म्हणा, मी कंटाळा म्हणतो.

केंद्र मंजूर झालं. कचेरीतल्या साहेबांचं शहाणपण बघा, माझ्या नोंदींवरून निघालेल्या नकाशात वरची आळी दाट वस्तीची दिसली म्हणून पत्र्याच्या दोन खोल्या तिथेच उभ्या केल्या. गावातलं कुणी तिकडे फिरकेना. नकाशा मात्र तिथल्या भिंतीवर लागला, खाली माझा नंबर.

त्याच नंबरवर भर पुरात एका संध्याकाळी फोन आला.

"मी नंदिनी सिस्टर बोलून राह्यली, केंद्रातून. सरिताले पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

"मग मला कशाला सांगता?"

"केसरबाई वर यायले तयारच नव्हत्या. पण पूल बुडाला, काय करतीन? आता त्या खोलीत मायलेकींपाशी निजल्या..." तिचा आवाज बारीक झाला. "साहेब, पाणी तापवून देणाऱ्या, सरिताची पाठ धरणाऱ्या बाया कोण होत्या? लाइट नव्हती. मले वाटलं शेजारच्या."

"असतील शेजारच्याच."

"सरिताची पोरगी मघाच झोपली. मंग हे शेवटच्या घराकडून... कोण रडून राह्यलं?"

"मांजर असेल. एवढ्यासाठी फोन करतात?"

तिने फोन बहुतेक दाराबाहेर धरला. पावसाच्या आवाजात तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. ते एका जागी नव्हतं. जरा पुढे जायचं, थांबायचं. थांबलं की दाराची कडी वाजायची, चार बाया कौतुकाने हसायच्या, आणि रडणं पुढच्या दाराकडे निघायचं.