पांढऱ्या लुगड्यातली भोकं

"बाई, ताबडतोब या. किडे झालेत."

"किडे सगळीकडेच असतात," सरोजिनी घोरपडे फोनवर म्हणाल्या. "तुमच्याकडे कुठे झालेत?"

"गोधडीत. आणि दुपारी कोपनहेगनच्या पेट्या बंद होतायत."

सरोजिनीबाईंनी भिंग आणि चिमटा पिशवीत टाकला. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या ऊस संशोधन संस्थेत त्यांची सगळी नोकरी खोडकिड्याच्या मागे गेली होती. निवृत्तीनंतर कुणाच्या पुस्तकांना कसर लागली, कुणाच्या सागवानाला वाळवी, की फोन त्यांनाच येत.

नारायण पेठेतल्या त्या कलादालनाच्या जिन्यात एक म्हातारी बाई बसली होती. पांढरी साडी, निळा काठ. शेजारी तिचा मुलगा राकेश उभा होता.

"वर का नाही बसत?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"वर येऊ नका म्हणाले," मुलगा म्हणाला. "आमच्या कपड्यांतून किडे येतील म्हणे."



वर फोन करणारे, दालनाचे मालक श्रीनिवास केतकर येरझाऱ्या घालत होते. कोपनहेगनच्या एका संग्रहालयात हातानं शिवलेल्या कापडांचं प्रदर्शन भरणार होतं. प्रत्येक देशाचं एकच काम. भारताचं म्हणून विश्रांतवाडीच्या शालन गायकवाडांची गोधडी निवडली होती. शालनताईंना उद्घाटनाचं बोलावणं होतं. त्यांचा पासपोर्टही निघाला होता.

"आणि ती गोधडी?"

केतकरांनी दाराकडे बोट दाखवलं. चपलांच्या शेजारी, कचऱ्याच्या काळ्या पिशवीत.

"जाळून टाकणं उत्तम," मागून आवाज आला. तिशीतली एक मुलगी रबरी हातमोजे चढवत पुढे आली. "मी अपूर्वा दामले. पाठवणीची जबाबदारी माझी. एका गोधडीपायी बाकीचं सामान धोक्यात नको, मॅम. कोपनहेगनला शिकत असताना संग्रहालयाच्या कोठारात दर आठवड्याला हेच बघायचे मी. पतंगाच्या अळ्या. कापडाचे सगळ्यात मोठे शत्रू."

"कधी सापडल्या?"

"काल सकाळी. पाठवण्याआधीच्या तपासणीत."

"आता भारताचं काय जाणार?"

केतकर अवघडले. "अपूर्वाचंच काम राखीव होतं. आज सकाळी ती बाणेरच्या घरून घेऊन आली."

भिंतीला टेकवून एक मोठी चौकट ठेवली होती. तिच्यावर लालभडक लोकरीचे जाडजूड पुंजके, वारुळासारखे.

"छान," सरोजिनीबाई म्हणाल्या. "धूळ फार बसत असेल."

त्यांनी काळी पिशवी टेबलावर रिकामी केली. गोधडीच्या मधोमध पांढरा चौकोन होता, भोवती निळे आणि हिरवे तुकडे. टाके बारीक आणि सरळ. पांढऱ्या भागाची चाळण झाली होती. निळ्या-हिरव्याला धक्का नव्हता.

चिमट्यानं त्यांनी एक अळी उचलली. तांदळाच्या दाण्याएवढी, लालसर खोळीत शिरलेली. ती वळवळली. कापडावर साखरेच्या रव्यासारखे लाल कण पडले होते.

"हे कण कसले?"

"गंज असेल," अपूर्वा म्हणाली. "पत्र्याच्या पेटीत ठेवत असतील. घरात स्वच्छता नसली की असंच होतं. खालच्या मावशींना वाईट वाटेल म्हणून मी स्पष्ट बोलले नाही."

"फार मोठं मन तुमचं."

त्यांनी भोकांवर भिंग धरलं आणि बराच वेळ हटवलं नाही. मग जिन्यातल्या शालनताईंना आणि राकेशला वर बोलावलं. अपूर्वा दोन पावलं मागे सरकली.

"मधलं पांढरं कापड कुठलं?"

"माझ्या आईचं लुगडं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हा नेसली होती. पुन्हा कधी नेसली नाही. मरताना म्हणाली, फाडू नको. मी फाडलं नाही, शिवलं."

"लोकरीचा धागा कुठे वापरलात?"

"लोकर कशाला? सगळं सुती आहे. धुऊन, उन्हात वाळवून दिली होती."

"राकेश, गोधडी इथे कोण घेऊन आलं?"

"मीच."

"तुमच्या मनात होतं का पाठवायचं?"

राकेशनं आईकडे पाहिलं. "नव्हतं. आजीचं लुगडं परक्यांच्या भिंतीवर कशाला? भांडलोसुद्धा. पण तिनं ठरवलं होतं. आणि मॅडम, मला अडवायचंच असतं तर मी ती आणलीच नसती. आजीच्या लुगड्याला भोकं पाडायला माझे हात झडले असते."

"इथे आल्यावर कुणाच्या ताब्यात होती?"

"माझ्या कपाटात," केतकर म्हणाले. "एक किल्ली माझ्याकडे, एक अपूर्वाकडे."

"केतकर, तुमच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं ना? सुती माल कशानं खराब व्हायचा?"

"उंदीर. नाहीतर कसर. ओल आली तर बुरशी."

"पतंग?"

"तो शालींना लागायचा. लोकरीला."

"बरोबर." सरोजिनीबाईंनी चिमटा खाली ठेवला. "आता अपूर्वाबाई, तुमची चौकट जरा उलटी करा."

"का?"

"मागची शिवण बघायची आहे."

"कशाला? त्याची तपासणी झालीये."

राकेशनं न विचारताच चौकट फिरवली. सरोजिनीबाईंनी लोकरीचा एक पुंजका बाजूला केला. आत लाल खोळीतल्या चार-पाच अळ्या निवांत चरत होत्या.

"मी त्या गोठवून मारणारच होते, पाठवण्याआधी—" अपूर्वा बोलून गेली आणि थांबली.



"म्हणजे अळ्या आहेत हे ठाऊक होतं," सरोजिनीबाई म्हणाल्या. "बसा. मी सांगते, चुकलं तर दुरुस्त करा.

"ही अळी लोकर, केस, पिसं खाते. सुती कापडावर ती उपाशी मरते. जे खाते त्याच्याच तंतूंची खोळ अंगाभोवती विणते, आणि तिची विष्ठाही त्याच रंगाची पडते. या अळ्यांनी पांढरं लुगडं खाल्लं असतं, तर खोळ पांढरी झाली असती. ती लाल आहे. तो लाल रवाही गंज नव्हे. गोधडीत लाल धागा नाही. लाल लोकर इथे फक्त तुमच्या कामात आहे, आणि ते आज आलं. अळ्या काल सापडल्या. बाणेरहून त्या चालत आल्या नसतील.

"भोकं कात्रीची आहेत. भिंगाखाली धाग्यांची टोकं सपाट दिसतात, नंतर सुईनं पिंजलेली. वरच्या आणि खालच्या थरातलं भोक नेमकं एकावर एक. अळीला एवढी शिस्त नसते.

"केतकरांनी केलं असतं, तर उंदीर दाखवला असता. राकेशनं केलं असतं, तरी उंदीरच. गोधडीला पतंग लागला असं पुण्यात कुणाच्या डोक्यात येणार नाही. ते येईल तिकडच्या थंडीतल्या लोकरीच्या कोठारात शिकून आलेल्याच्या डोक्यात. तुम्ही शत्रू अचूक पाठ केलात. फक्त तो कुणाचा, हे विसरलात."

अपूर्वानं हातमोजे काढले. तिचा चेहरा कोरडा होता.

"सहा वर्षं मी तिथे घासली," ती म्हणाली. "त्यांना माझं काम नको. त्यांना हवं काय, तर हिच्या आईचं लुगडं. गोष्ट हवी असते त्यांना. ती नसती, तर या टाक्यांकडे कुणी बघितलं असतं?"

"म्हणून फक्त पांढऱ्यावरच कात्री चालवलीत," सरोजिनीबाई म्हणाल्या.

शालनताई टेबलापाशी आल्या. एका भोकात त्यांनी बोट घातलं. ते आरपार गेलं. 

केतकरांनी घसा साफ केला. "शालनताई, उत्तम रफूवाला आहे माझ्या ओळखीचा. कळणारसुद्धा नाही."

"कळू दे." त्यांनी बोट काढलं. "कामाखाली पाटी लावतात ना?"

"हो."

"तिच्यावर लिहा. लुगडं कुणाचं, गोधडी कुणी शिवली, भोकं कुणी पाडली. तिन्ही नावं."

"तिकडचे लोक मान्य करतील का..."

"विचारा," सरोजिनीबाई म्हणाल्या.

केतकर फोन घेऊन गच्चीत गेले. परत आले तेव्हा त्यांना अपूर्वाकडे बघवेना. "अळ्या काढून, गोठवून, अशीच पाठवा म्हणतात. पाटी इंग्रजीत हवी. लगेच."

"मग हिच्याच हातानं लिहून घ्या," शालनताई म्हणाल्या. "हिला तिकडची भाषा येते." आणि पहिल्यांदाच त्यांनी अपूर्वाकडे नीट पाहिलं. "तिथल्या भिंतीवर नाव पाहिजे होतं ना, पोरी? लिही."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर मी पोलिसांना फोन करतो," केतकर म्हणाले.

राकेशनं लाल लोकर चौकटीसकट उचलली आणि काळ्या पिशवीत कोंबू लागला. चौकट मावेना. त्यानं ती गुडघ्यावर मोडली. त्या आवाजानं अपूर्वा दचकली, पण मान वर केली नाही. पहिली दोन नावं तिनं भराभर लिहिली होती. तिसऱ्यापाशी पेन थांबलं होतं, आणि शालनताई खुर्ची ओढून तिच्या समोर बसल्या होत्या.