ऊर्मिलेसमोरची जागा

हे खरं घडलेलं आहे. मी तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. त्यामुळे जे पाहिलं तेवढंच लिहिते. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

१९७६चा फेब्रुवारी. औरंगाबाद. मुकुंदवाडी स्टेशनामागे सरकीचं एक जुनं गोदाम होतं. तिथं माझी पद्मजाआत्या पुराणातल्या गोष्टींवर नृत्यनाट्यं बसवायची. मागच्या खोलीत एकटीच राहायची.

तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी नाच बंद करायला सांगितला होता. मी तिला कायमची माझ्या घरी न्यायला आले होते.

"एवढी ऊर्मिला होऊ दे, कालिंदी. मग येते."

लक्ष्मण वनवासाला गेला, ऊर्मिला मागे राहिली. आत्याची ऊर्मिला रडत नव्हती. ती रोज नवऱ्याबरोबर नाचायची. तो नसताना.

आत्याच्या मंडळाची एक रीत होती. तालमीला एखादी मुलगी आली नाही, तर तिच्या जागी पाण्याचा तांब्या ठेवायचा. जागा मोकळी सोडायची नाही. आणि तालमीआधी जमिनीवर रांगोळी चाळायची, म्हणजे कुणाची पावलं कुठं पडली ते दिसतं.

लक्ष्मणाचं काम कुणीच करणार नव्हतं, म्हणून त्याच्याही जागी तांब्या असायचा. त्या दिवशी तो आत्यानंच उचलला.

"राहू द्या बाई," झाडलोट करणाऱ्या चतुराबाई म्हणाल्या. "मोकळी जागा बरी नसती."

"तिथं कुणी नाही, हेच तर दाखवायचंय. तूच होतेस का ऊर्मिला?"

"चौदा वर्षं नवऱ्याबिगर? लई सुखात राहीन की मी."

आम्ही तिघी हसलो.

मुली घरी गेल्या होत्या. खिडकीत अजून ऊन होतं. माझं न ऐकता आत्या स्वतः उभी राहिली. चतुराबाईंनी रांगोळी नव्यानं चाळली, मी टेप लावला. ती त्या मोकळ्या जागेभोवती फिरू लागली.

गाणं संपलं. आत्या थांबली.

आणि मग...

घुंगरू वाजले. एकदाच.

आत्याच्या पायांत घुंगरू नव्हते.

मी जमिनीकडे पाहिलं. रांगोळीत आत्याच्या पावलांचं वर्तुळ होतं. त्याच्या मधोमध... दोन पावलं. स्थिर उभी असलेली.

तिथवर जाणारं एकही पाऊल नव्हतं.

चतुराबाईंनी तांब्या परत आणून ठेवला. आत्यानं तो पुन्हा उचलला.

"आता जमतंय," ती म्हणाली. एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

रविवारचा प्रयोग छान झाला. सामान आवरताना मी म्हटलं, "आता चल."

"आता नको गं. इथं मला एकटं वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी गावात उतरले होते तिथं चतुराबाईंचा निरोप आला. गोदामाला आतून कडी होती. दार फोडावं लागलं.

जमिनीवर रांगोळी नव्यानं चाळलेली होती. आत्याच्या पावलांचं वर्तुळ एका ठिकाणी आत वळलं होतं. मधोमध... पावलांचे दोन जोड. समोरासमोर.

तिथून ते खोलीकडे गेले होते. शेजारी शेजारी.

परत येणारं एकही पाऊल नव्हतं.

आत्या चटईवर होती. गेलेली. एका कडेला सरकून निजली होती, दुसऱ्याला जागा ठेवल्यासारखी.

डॉक्टर म्हणाले, हृदय. ते मला पटतं. पावलांचं मात्र काही सांगता येत नाही.

"बाई, तुम्हीबी एकट्याच," चतुराबाई मला तेव्हा म्हणाल्या. "समोरची जागा मोकळी ठेवू नका."

मी आजही एकटीच राहते. मी असलं काही मानत नाही. तरी रोज जेवताना समोरच्या खुर्चीवर पाण्याचा तांब्या ठेवत आले.

परवा ठेवला नाही.

विसरले, असं म्हणता येणार नाही.

आजही तो ओट्यावरच आहे. भरलेला. हे मी जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिते आहे...

अजून मान वर केलेली नाही.