पहिली नळी

दर रविवारी सकाळी मी वाडीतल्या मुलांना शाळेच्या व्हरांड्यात बसवून शिकवतो. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी हे सोडलेलं नाही. आमची वाडी तेरपासून चार किलोमीटरवर. सत्तर घरं, दोन बोअर, चौथीपर्यंतची पत्र्याची शाळा. पाचवीपासूनची मुलं सायकलीनं तेरला जातात, पण रविवारी लहानमोठी सगळी माझ्यापुढे येऊन बसतात. गणित, विज्ञान, जे अडेल ते. मी घाई करत नाही. एक गोष्ट सात वेळा सांगावी लागली तर सात वेळा सांगतो.

गेल्या चार वर्षांत वाडीतल्या पाच माणसांची मूत्रपिंडं निकामी झाली. कोणालाही साखर नव्हती, रक्तदाब नव्हता. दोघं गेले. तिघं आठवड्यातून दोनदा डायलिसिसला धाराशिवला जातात. त्याचा शोध घ्यायला सोलापूरहून एक संशोधन पथक आलं. निवडलेल्या घरांतल्या दहा वर्षांपुढच्या प्रत्येकाचं रक्त घ्यायचं, मूत्रपिंडं कशी चालतात ते पाहायचं, आणि हा आजार घराण्यातून उतरतो का हे जनुकं तपासून ठरवायचं, असं पथकाच्या प्रमुख डॉ. राजेश्वरी यांनी मला समजावलं. रक्त घेणारी मुलगी गावातलीच हवी होती. मी सोनालीचं नाव सुचवलं. मी जळकोटच्या शाळेवर असताना ती माझी विद्यार्थिनी होती. पुढं नर्सिंग शिकली आणि लग्न होऊन आमच्याच वाडीत आली. तिची जबाबदारी माझी, असं मी पथकाला लिहून दिलं.

फेब्रुवारीतला रविवार. ज्वारी काढणीला आली होती, म्हणून लोक उजाडताच शाळेत येऊन उभे राहिले, पण टेबलाकडे कोणी सरकेना. आमच्याकडे पहिलेपणाचं मोठं असतं. नव्या बोअरचं पाणीसुद्धा आधी म्हाताऱ्या माणसाच्या ओंजळीत घालतात, मग बाकीचे पितात.

"मास्तर, तुमीच बसा की पयलं," बलभीम म्हणाला. "तुमच्या अंगात शाई हाय, रगत न्हाय. तुमाला काय हुतंय!"

लोक हसले. माझं घर निवडलेल्या घरांत नव्हतं. मी तसं सांगत होतो, तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि खुर्चीवर बसले. धोतर, जुनं मुंडासं, घोट्यापर्यंत धूळ चढलेले अनवाणी पाय. मी रामराम घातला. त्यांनी मान हलवली. सोनालीनं पदर सावरून सुई लावली. रक्त फार सावकाश आलं. एवढीशी नळी भरायला पाच मिनिटं लागली असतील. ते उठून गेले आणि लोकांनी मुकाट्यानं रांग धरली. यादीतले तीस आणि ते एक, अशा एकतीस नळ्या दुपारपर्यंत भरल्या.

एप्रिलमध्ये डॉ. राजेश्वरींचा फोन आला.

"सर, तुमच्या सोनालीनं आम्हाला फसवलंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एकतीस नळ्या आहेत, पण रक्त एकाच माणसाचं आहे. जुळी भावंडं असती तर दोन नळ्या जुळल्या असत्या. एकतीस नाही. तुमच्या यादीत चौदा बायका आहेत. त्यांच्या नळ्यांतही पुरुषाचंच रक्त. आणि मूत्रपिंडांचे आकडे ऐंशीच्या पुढच्या माणसाचे. बलभीमची नात सृष्टी, बारा वर्षांची आहे ना? तिचेही तेच."

"म्हणजे तिनं एकाच्याच हातातून..."

"दुसरं काय असणार? महिनाभरात समाधान झालं नाही तर मला वर कळवावं लागेल. तिची नोंदणी जाईल, सर. पुन्हा कुठेही सुई धरता येणार नाही."

त्या सकाळी मी तिथेच होतो. पण मधला तासभर मुलांची उजळणी घेत मागच्या खोलीत बसलो होतो. तो तास आता मला टोचू लागला. मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात शेंगा निवडत होती.

"सोनाली, खरं सांग. घाई झाली होती का?"

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "गुरुजी, तुमीबी?"

"मी फक्त विचारतोय."

"मग घरोघर जाऊन इचारा. सुई मला टोचली न्हवती, त्यांना टोचली हुती."

मी खरंच गेलो. तीसच्या तीस माणसांना विचारलं. सगळ्यांना सुई आठवत होती. सुमनबाईंनी कोपराची घडी उघडून दाखवली. "हितं बघा. चार दिस काळंनिळं हुतं. पोरीचा हात हलका न्हाय, पर खोटा न्हाय." सृष्टीनं तर नळीचं टोपण जांभळं होतं हेही सांगितलं. तीस हातांतून रक्त निघालं होतं, यात शंका उरली नाही.

त्या दिवशी ऐंशीच्या पुढचे एकच दिसले होते, म्हणून मग मी सोनालीकडे पहिल्या नळीचा संमतीचा कागद मागितला. नावाच्या जागी तिनं लिहिलं होतं, आजोबा. खाली अंगठा होता. निळा, गोल, गुळगुळीत. त्यात एकही रेघ नव्हती. राबून राबून अंगठ्याच्या रेघा झिजतात, हे मला माहीत आहे. तरी तो कागद मी उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

"नाव का नाही विचारलंस?"

"मी हितली सून हाय, गुरुजी. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाव कसं इचारू? घरी येऊन सासूबाईला इचारलं. त्या म्हणल्या, गोरोबाचा पाव्हणा असंल."

तिची सासू तुळजाबाई आतूनच म्हणाली, "व्हय, गोरोबाचाच."

शेजारचा गोरोबा म्हणाला, "माझा कुठला? बलभीमच्या सोयऱ्यातला हाय. आमच्या गेलेल्या आण्णावानी दिसत हुता, म्हून म्या नीट बघितला."

बलभीम म्हणाला, "छ्या! तुळजाबाईच्या माहेरचा. माझ्या मयत चुलत्यावानी नाक हुतं त्येचं."

तीन घरं फिरून मी जिथून निघालो तिथंच परत आलो. तुळजाबाई माझ्याकडे बघेना. चाळीस वर्षं मी माणसांची नावं हजेरीत घेत आलो. त्या सकाळी मीही विचारलं नव्हतं. आणि मला ते कोणासारखे वाटले होते, हे मी कोणाला सांगितलं नाही.

मी डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही स्वतः या. तुमच्या हातानं घ्या. सोनाली टेबलाला शिवणार नाही. मग जे निघेल ते मला मान्य.

मे महिन्यात त्या आल्या. सकाळी आठलाच पत्रा तापून कटकट वाजत होता. नळ्या त्यांनी सोलापूरहून सीलबंद आणल्या होत्या. सोनाली लांब लिंबाखाली बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून, सगळ्यांना दिसतील असे. नावं मी लिहीत होतो. डॉक्टर म्हणाल्या, "सोनालीचंही घेऊ. आणि ताडून पाहायला वाडीबाहेरचं एक रक्त हवं, तर शेवटी माझं मी काढीन."

मग त्यांनी हातमोजे चढवले. "चला, पहिलं कोण?"

लोक मागे सरले. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. फाटकापासून खुर्चीपर्यंत एका माणसापुरती वाट मोकळी झाली. कोणी कोणाला तसं करायला सांगितलं नव्हतं. लहान पोरंही आयांच्या पदराला धरून कडेला उभी राहिली. सगळे फाटकाकडे बघत होते. तिथं ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

मिनिट गेलं. दोन गेली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मग बलभीम हळू आवाजात म्हणाला, "झालं. चला आता."

आणि येऊन खुर्चीवर बसला.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काय न्हाय, मास्तर," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "रीत हाय."

अशी रीत मी आयुष्यात पाहिली नव्हती.

बत्तीस नळ्या घेऊन डॉक्टर गेल्या. नंतरचे वीस दिवस वाईट गेले. सोनाली पाण्याला आली की बोअरवरच्या बाया गप्प व्हायच्या. तिनं रक्त विकलं, असं कोणीतरी तेरच्या बाजारात बोललं. ती माझ्या दारावरून जाताना थांबायची, काही विचारायची नाही, पुढं जायची.

जूनच्या पहिल्या शनिवारी फोन आला.

"सोनालीचा दोष नाही, सर. मी तसं पत्र पाठवलंय. तिचं काम तिला परत मिळेल."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी त्यांचे आभार मानले. मग सुचलं म्हणून विचारलं, "म्हणजे या वेळी नळ्या वेगवेगळ्या निघाल्या?"

"नाही."

"किती जुळल्या?"

"बत्तीस."

मी मनात आकडा मांडला. तीस, सोनाली, आणि... "पण तुमचं रक्त तर..."

"बत्तीस, सर." मागं कुठंतरी लहान मूल खोकत होतं. "माझ्या मुलाला चार दिवस ताप आहे. त्याचं रक्त तपासायला सांगितलंय. मी अजून दिलेलं नाही."

फोन ठेवला. यंत्र चुकू शकतं, असं मी स्वतःला सांगितलं. सुई, नळी, यंत्र, यातलं काहीच न लागणारी एखादी परीक्षा हवी होती.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सोळा मुलं होती. त्यातल्या तिघांनीच रक्त दिलं होतं. मी म्हटलं, "आज नाडी मोजू. दोन बोटं मनगटावर ठेवा. अंगठा नको. ठोका लागला की दुसऱ्या हातानं... नाही, थांबा. जोड्या करू. एकानं दुसऱ्याची नाडी बघायची आणि ठोक्याला पेन्सिल फरशीवर टेकवायची. मग बदलायचं."

त्यांना समजेपर्यंत मी तीनदा सांगितलं. प्रत्येकाची नाडी निराळी पडते, हे मला त्यांना दाखवायचं होतं. आठ पेन्सिली एकदम वाजल्या की पत्र्यावर गारा पडल्यासारखा गोंधळ व्हायला हवा.

"करा सुरू."

टक.

टक.

टक.

आवाज एकच होता. मी घड्याळ धरलं. एका मिनिटात बावन्न. या वयाच्या मुलांची नाडी ऐंशीच्या पुढं असते; बावन्न एखाद्या म्हाताऱ्याची.

"आता दुसऱ्यानं."

पुन्हा बावन्न. पुन्हा एकच आवाज.

"गुरुजी," सृष्टी आनंदानं ओरडली, "आमचं समद्यांचं बरुबर आलं!"

तेवढ्यात सोनाली पायरी चढून आली. हातात पेढ्यांचा पुडा होता. चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. "पत्राचा फोटो आला, गुरुजी. तोंड गोड करा." मुलांचं चाललेलं बघून ती कौतुकानं तिथंच थांबली. पुडा तिनं छातीशी धरला होता. त्याच्या झाकणावर तिचं एक बोट आपोआप पडत होतं. टक. टक.

मी माझ्या मनगटाला हात लावला नाही.

मग एक ठोका चुकला. आठ पेन्सिली हवेत थांबल्या. सोनालीचं बोटही.

पुढचा यायला फार वेळ लागला.