चौथी पट्टी

मिस्त्रींनी ती जुनाट, झोपायची सोय असलेली गाडी दारात आणून उभी केली, तेव्हा बायकोने कपाळावर हात मारून घेतला. चाकांवरचं खुराडं, म्हणाली ती. मिस्त्री नुसते हसले. त्यांची सात वर्षांची चिमणी हिवाळाभर दम्याने बेजार होती. श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टी वाजायची. उन्हाळ्यात पोरीला महिनाभर डोंगराच्या मोकळ्या हवेत ठेवा, नाहीतर पुढचा हिवाळा अवघड आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून हा सगळा खटाटोप. गाडी तीस वर्षं एका म्हाताऱ्याच्या शेडमध्ये पडून होती. किल्ली देताना त्याने विचारलं, किती जण जाणार? तिघं, मिस्त्री म्हणाले.

"चौघांची आहे ती," एवढंच बोलून म्हाताऱ्याने दार लावून घेतलं.

आतले झोपायचे बाक कुजले होते. नवे करताना मिस्त्रींनी आपल्या उस्तादाचीच रीत धरली. मापाची फीत लावायची नाही. माणसाला आडवं झोपवायचं, त्याच्या लांबीची लाकडी पट्टी कापायची आणि तिच्यावरून बाक करायचा. पट्टीवर ना नाव, ना आकडा. माप एकदाच. दोनदा माप घेईल तो सुतार कसला, असं ते चारचौघांत छाती फुगवून सांगत. आता याला कसब म्हणा नाहीतर खोड म्हणा.

रविवारी दुपारी गाडीतच एकेकाला झोपवून त्यांनी तीन पट्ट्या कापल्या. सोमवारी दुपारी तिथे चार होत्या.

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, पण गाडीत ओल्या अंथरुणाचा गार वास कोंडला होता. दोन पट्ट्या लांब, दोन आखूड. आखूड पट्ट्यांत चार बोटांचा फरक. चारही ताज्या कापलेल्या, चारही टोकांना मिस्त्रींच्याच पटाशीची खाच. घरात चिमणी चित्र रंगवत बसली होती. पट्ट्यांशी खेळलीस का, त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"तूच घेतलंस की काल तिचं माप," ती मान वर न करता म्हणाली. "माझ्या शेजारी झोपली होती ना."

"कोण?"

"गाडीतली. तिला पण यायचंय, बाबा... पण बाक तर तीनच करतोयस."

मिस्त्री गाडीत परत गेले. पोरीला पुन्हा एकदा आडवं केलं असतं तर क्षणात निकाल लागला असता. पण तिला त्या गाडीत परत झोपवायची छाती होईना, आणि दुसऱ्यांदा माप घ्यायला हात धजेना. आपली पोर आजारपणात खुरटलेली, ती कुठली एवढी लांब, असा त्यांनी हिशेब केला. दोन आखूड पट्ट्यांतली लांब पट्टी उचलली आणि शेगडीत घातली. लाकूड वाळकं होतं, तरी जळताना बारीक शिट्टी वाजवत जळलं. त्यांनी कानाडोळा केला.

उरलेल्या तीन पट्ट्यांवरून तीन बाक झाले. निघायच्या दिवशी सकाळी सामान चढलं. पडदे लागले. चिमणी हौसेने आपल्या बाकावर आडवी झाली.

"बाबा, माझे पाय बाहेर येतायत."

चार बोटं.

कुठली पट्टी जळली ते मिस्त्रींना तेव्हा कळलं. बाक वाढवून देतो, कसंबसं पुटपुटत त्यांनी पोरीला उतरवलं आणि तिचं बोट धरून कारखान्यातून फळी नि करवत घेऊन आले. पाच मिनिटं लागली असतील, नसतील.

गाडीपाशी येताच बायकोने पडदा बाजूला करून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू... आत्ता कुठे तिचा डोळा लागलाय. आणि करवत कशाला आणलीत? अगदी मापात बसलीय हो. आता निघू या."

पडदा पुन्हा ओढला गेला. आतून, त्या आखूड बाकावरून, श्वास ऐकू येत होता. हिवाळाभर मिस्त्रींनी उशाशी बसून ऐकलेली तीच बारीक शिट्टी.

त्यांनी खाली पाहिलं. चिमणीने त्यांचं बोट गच्च धरलं होतं. तिची छाती भराभर वरखाली होत होती, पण आवाज कसलाच येत नव्हता.

"बाबा," ती नुसते ओठ हलवून म्हणाली, "मग मी कुठे झोपू?"